लक्ष्मीपूजनाच्या रात्री होमरन

२०२५ चं लक्ष्मीपूजन आम्ही टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या घरी सातलाच आटोपलं. आठ वाजता आमच्या टोरांटोच्या बेसबॉल संघाचा, ब्लू जेजचा, सिअ‍ॅटलशी सातवा, निर्णायक सामना होता आणि जिंकणारा संघ थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, जाणार होता. टोरांटोला १९९३ नंतर तो मान मिळालाच नव्हता.

नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत आम्ही १-३ ने मागे. समईत तेल घालायला उठले तर नवरा ओरडला, "जागा सोडू नकोस!" आमचे दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, आणि बॅट घेऊन आमचा जॉर्ज स्प्रिंगर. त्याच मालिकेत त्याच्या गुडघ्यावर चेंडू आदळला होता. त्यानं मारलेला चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. होमरन! तो आणि बेसवरचे दोघे, तीन धावा. ४-३! खाली रस्त्यावर हॉर्न सुरू झाले, आमच्या पणत्या तेवत होत्या. अशी दिवाळी मला पुन्हा मिळायची नाही.

इथल्या बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. निकाल लागेपर्यंत खेळ चालूच. वर्ल्ड सिरीजमधला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्धचा तिसरा सामना १८ इनिंग चालला, ६ तास ३९ मिनिटं. फ्रेडी फ्रीमनच्या होमरननं आम्ही हरलो तेव्हा आमच्याकडे रात्रीचे जवळजवळ तीन वाजले होते. पुण्यात आई दुपारची पानं वाढत होती. "अगं, अजून जागी?" ती फोनवर म्हणाली. तिला सांगितलं, त्यांचा शोहेई ओतानी एका सामन्यात नऊ वेळा बेसवर पोचला. दुसऱ्या दिवशी पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायलाही तोच होता, आणि आमच्या व्लादिमीर गेरेरोनं त्याला होमरन ठोकला.

आता १ नोव्हेंबर, शेवटचा सामना. नवव्या इनिंगमध्ये ४-३ अशी आघाडी, चषकासाठी फक्त दोन गडी बाद करायचे होते. तिथे डॉजर्सच्या मिगेल रोहासनं होमरन मारला, ४-४. हा काही षटकारांसाठी ओळखला जाणारा खेळाडू नव्हे! मग आमची पाळी: तिन्ही बेस भरलेले, एक बाद. चेंडू रोहासकडेच गेला, त्यानं तो होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी फेकला आणि तिसऱ्या बेसवरून धावत आलेला आमचा कायनर-फालेफा केसभरानं बाद झाला. तो आधी तिसऱ्या बेसला फार चिकटून उभा होता, अशी टीका बरीच झाली. मला ती पटत नाही. आदल्याच रात्री बेस सोडून पुढे गेलेला आमचा खेळाडू झेल गेल्यावर बेसवर परतण्याआधीच बाद झाला आणि सामना तिथेच संपला होता. जो ते पाहून आला, तो बेसजवळच थांबणार.

अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या विल स्मिथचा होमरन, ५-४. शेवटी आमच्या कर्कची बॅट मोडली, चेंडू त्यांच्या मुकी बेट्सच्या हातात आणि डबल प्ले, एकाच चेंडूवर दोघे बाद. नवऱ्यानं टीव्ही बंद केला नाही, नुसता आवाज कमी केला. आम्ही तसेच बसून राहिलो.

त्याच रात्री इथली घड्याळं तासभर मागे गेली. सकाळी मी त्याच खुर्चीत बसून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावरची महिला विश्वचषकाची फायनल लावली, जेजची निळी टोपी डोक्यावर तशीच. इथे दुपार झाली, तिकडे मध्यरात्र, आणि हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला. लगेच आईचा फोन. "बघितलंस ना? आता तरी झोप."