तिसरी किल्ली

मागच्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला, ताई, तीन वर्षांपूर्वीच्या युवा नेतृत्व शिबिराचं सर्टिफिकेट हरवलंय, दुसरं मिळेल का? मी म्हटलं मिळेल की, पण तू सध्या करतोस काय तुझ्या वस्तीत? तर म्हणे काही नाही ताई, तेव्हाच शेवटचं केलं होतं. हा मुलगा त्या बॅचचा हिरो होता बरं का. माईक हातात दिला की सोडायचा नाही, समारोपाला त्याचं भाषण ऐकून आम्ही सगळे आयोजक एकमेकांकडे बघत होतो की वा, असा एक जरी तयार झाला तरी बास.

आणि त्याच शिबिरासाठी आम्ही एका मुलीला नाकारलं होतं. इंटरव्ह्यूत ती अडखळत बोलली, डोळ्यात बघेना, फॉर्मवर "नेतृत्वाचा अनुभव" च्या पुढे तिने लिहिलं होतं "नाही". आम्ही तिघं परीक्षक, तिघांनीही तिला कमी मार्क दिले, त्यात मीही होते. तेव्हा आम्ही एक साधी गोष्ट विचारलीच नाही, की वस्तीत भांडण झालं तर लोक कुणाच्या दारात जातात? विचारली असती तर तिचं नाव पहिल्या तीनात आलं असतं, हे मला नंतर कळलं. आता मी निवडीच्या आधी वस्तीत दोन दिवस नुसती फिरते आणि हाच एक प्रश्न विचारते, बाकी फॉर्म वगैरे ऑफिससाठी भरून घेते.

शिबिरं वाईट असतात असं म्हणायचं नाहीये, मी स्वतः ढिगाने घेतलीत. पण त्यात होतं काय, की पहिल्या दिवशी ओळखीचे खेळ, दुसऱ्या दिवशी चार्टपेपर, स्केचपेन, गटचर्चा, "माझ्या स्वप्नातला समाज" असं चित्र, तिसऱ्या दिवशी शपथ आणि ग्रुप फोटो, आणि चौथ्या दिवशी मुलं घरी जातात तिथे त्यांना कुणी काही ठरवूच देत नाही. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या ३ पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही. मुलांना आपल्या मतलबासाठी वापरणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं मत विचारणं. ते वाचल्यावर मला आमचे सगळे ग्रुप फोटो आठवले, काय सांगू. आणि गंमत म्हणजे सगळ्यात वरची पायरी "मुलं एकटीच सगळं करतात" अशी नाहीये, तर मुलं सुरू करतात आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून घेतात, ही आहे. म्हणजे आपण मोठ्यांनी गायब व्हायचं नाही, नुसतं ड्रायव्हिंग सीटवरून उठायचं. हे गायब होण्यापेक्षा अवघड आहे, अनुभवाने सांगते.

मग ट्रेनिंगचा काहीच उपयोग नाही का? तर आहे, पण कशाचं ट्रेनिंग ते बघा ना. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात जेम्स लॉसन नावाचे कार्यकर्ते कॉलेजच्या कृष्णवर्णीय पोरापोरींच्या कार्यशाळा घ्यायचे, अहिंसेच्या. तिथे नुसतं व्याख्यान नव्हतं, अर्धी मुलं गुंडांचं सोंग घ्यायची आणि अर्ध्या मुलांना शिव्या घालायची, ढकलायची, अंगावर सिगरेटचा धूर सोडायची, आणि खुर्चीवर बसलेल्याने उठायचं नाही, हात उगारायचा नाही, मार पडायला लागला तर डोकं कसं झाकायचं तेही शिकायचं. वर्षअखेरीला दुकानांमधल्या लंच काउंटरवर, म्हणजे खाण्याच्या काउंटरवर, जाऊन बसून आधी चाचणीही करून बघितली. मग फेब्रुवारी १९६० मध्ये ते खरोखर गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या त्या काउंटरवर जाऊन बसले, मारही खाल्ला, आणि मे महिन्यात काही काउंटर सगळ्यांसाठी खुले झाले. त्याच मुलांमधली डायन नॅश तेव्हा विशीच्या आसपासची, एप्रिलमध्ये तिने भर गर्दीत महापौरांना थेट विचारलं की कातडीच्या रंगावरून भेद करणं चूक आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं का, आणि महापौरांना हो म्हणावं लागलं. तो प्रश्न तिला कुठल्या चार्टपेपरवर सापडला नव्हता. कित्येक महिने रोज छोटेमोठे निर्णय घेत, चुकत, एकमेकांशी वाद घालत ती तिथवर आली होती.

शांततेच्या कामात तर हे अजूनच लागू पडतं, कारण शांतता म्हणजे नुसती मारामारी नसणं नव्हे, योहान गाल्टुंग या शांततेच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकातच हा फरक मांडलाय, की हिंसा थांबली ही एक गोष्ट आणि जिच्यामुळे ती होते ती अन्यायाची घडी बदलली ही दुसरी. पोलिसांची गाडी उभी केली की पहिली मिळते. दुसरीसाठी दोन बाजूंच्या माणसांनी मिळून काहीतरी चालवावं लागतं, आणि तेही कंटाळवाणं काहीतरी, ज्याचा फोटो येत नाही.

आमच्याकडे ते कंटाळवाणं काम म्हणजे मैदानाचं वेळापत्रक होतं. दोन वस्त्यांच्या मधे एक मैदान, त्यावरून वर्षानुवर्षं खुन्नस, कुणी कधी खेळायचं यावरून डोकी फुटलेली. शेवटी आम्ही मैदानाच्या कडेची सामानाची खोली मुलांच्या ताब्यात दिली, एका कुलपाच्या दोन किल्ल्या, एक या वस्तीतल्या मुलीकडे, एक त्या वस्तीतल्या मुलाकडे. मुलगी तीच, नाकारलेली. दर रविवारी दोघांनी बसून आठवड्याचं वेळापत्रक लावायचं, नेट फाटली तर कुणी शिवायची, पंप कुणी नेला, बॉल हरवला तर वर्गणी कशी, सगळं त्यांनीच. पहिले दोन महिने भयंकर गेले हो. एकदा दोघांनी रागारागात आठवडाभर खोलीच उघडली नाही, मोठी माणसं माझ्याकडे आली की बघा, सांगितलं होतं ना पोरांच्या हातात देऊ नका. मला पण वाटलं जाऊन मिटवून टाकावं, पाच मिनिटांचं काम होतं. नाही गेले. आठव्या दिवशी त्यांनी स्वतःच नियम केला की भांडण झालं तरी खोली उघडायची, भांडण आत बसून करायचं.

आणि मग ती रात्र. कुठल्यातरी ग्रुपवर एक फोटो आला, रक्ताने माखलेला मुलगा, खाली लिहिलेलं की त्या लोकांनी आत्ता आपल्या पोराला मारलंय. अर्ध्या तासात चौकात वीसेक गाड्या जमल्या. आमच्या किल्लीवाल्या मुलीने काय केलं असेल? भाषण? नाही. तिने त्या किल्लीवाल्या मुलाला फोन केला, अरे खरंय का हे. तो म्हणाला इथे सगळे झोपलेत, थांब. मग तो फोन घेऊन त्याच्या वस्तीच्या गल्लीतून चालत व्हिडिओ काढत गेला, बंद दारं, रिकामा रस्ता, एक कुत्रं, आणि शेवटी स्वतःचा चेहरा, वेळ सांगून. तिने तो सगळ्या ग्रुपवर टाकला, चौकातल्या गाड्यांजवळ जाऊन एकेकाला हातात फोन देऊन दाखवला, अडखळत अडखळतच. दरम्यान कुणीतरी शोधून काढलं की फोटो जुना, दुसरीकडचाच आहे. साडेअकरापर्यंत चौक रिकामा.

तो नंबर तिच्या फोनमध्ये होता कारण नेट फाटली होती. इतकंच. आमच्या भाषणबहाद्दर हिरोकडे पलीकडच्या वस्तीतला एकही नंबर नव्हता, मी नंतर त्याला विचारलं होतं.

केनियातल्या वाजिरची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कुळाकुळांत मारामाऱ्या चालू होत्या, आणि डेका इब्राहिम अब्दी आणि तिच्यासोबतच्या बायकांनी सुरुवात कशी केली, तर एका लग्नात गप्पा मारता मारता विषय निघाला, आणि मग ठरलं की बाजार सगळ्या कुळांच्या बायकांसाठी सुरक्षित ठेवायचा. जाहीरनामा नाही, आधी बाजार. वडीलधाऱ्यांशी बोलणी, तरुणांना सोबत घेणं, शांतता समिती, हे त्याच्या पुढचं. डेका तेव्हा तिशीच्या आसपास होती, २००७ मध्ये तिला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

कागदावर तर सगळं आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ ला ठराव क्रमांक २२५० एकमताने मंजूर केला, त्यात तरुण म्हणजे १८ ते २९ वर्षांचे, आणि निर्णयात त्यांचा सहभाग वाढवा असं देशांना स्पष्ट सांगितलंय. चांगलंय, कुठे अडवलं तर दाखवायला उपयोगी पडतं, मी प्रिंट काढून ठेवलाय. पण ठराव काय किंवा आमची संस्था काय, पैशाचा हिशोब, सहीचा अधिकार आणि किल्ली, या तीन गोष्टी आल्या की आमच्यासारख्यांचे हात आखडतात. "अजून लहान आहेत", "चुकलं तर नाव आपलं जाईल", ही वाक्यं मी स्वतः मीटिंगमध्ये बोललेली आहेत.

त्या मुलीकडे किल्ली येऊन आता दोन वर्षं झाली. परवा ती आली, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, ताई, त्या कुलपासोबत तीन किल्ल्या येतात, आम्हाला दोनच मिळाल्या, तिसरी कुणाकडे आहे?

ती माझ्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये आहे, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, बघते.