सरकारी विमान कंपनी म्हणजे पर्यटन?

सरकारी विमान कंपनीत परत पैसे ओतायची वेळ आली की कुठल्याही देशातल्या मंत्र्याचं वाक्य ठरलेलं असतं, यामुळे पर्यटन वाढेल. आता वाढतं का, तर काही ठिकाणी खरंच वाढतं.

फिजी घ्या. समुद्राच्या मधोमध बेटं, तिथे ट्रेनने तर कुणी येणार नाही, आणि बाहेरच्या कंपनीने उद्या परवडत नाही म्हणून फ्लाइट काढून घेतली की हॉटेलं ओस पडणार. फिजी एअरवेजमध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा आहे, 2020 मध्ये कोविडमुळे सगळं ठप्प झालं तेव्हा सरकार तिच्या कर्जाला हमी राहिलं आणि माझ्या मते बरोबरच केलं, कारण कंपनी बुडाली असती तर मागोमाग सगळं पर्यटनच बसलं असतं.

पण मालेव बघा ना. हंगेरीची सरकारी कंपनी, सरकारने दिलेले पैसे बेकायदा आहेत असं युरोपियन कमिशनने सांगितलं आणि 3 फेब्रुवारी 2012 ला विमानं जमिनीवर. बोंब झाली की आता बुडापेस्टला कोण येणार, तर रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त तिकिटांच्या कंपन्या लगेच पुढे सरसावल्या आणि टुरिस्ट स्वस्तात यायला लागले. रोम बघायला निघालेला माणूस तरी विमानाच्या शेपटीवर कुठला झेंडा आहे ते बघून तिकीट काढतो का? इटलीची सरकारी कंपनी अलिटालिया ऑक्टोबर 2021 मध्ये बंद पडली, रोमची गर्दी काही हटली नाही.

आता जरा साधा हिशोब करू. समजा 300 सीटचं विमान, आठवड्यातून तीनदा. म्हणजे 900 सीट, त्यातल्या 80 टक्के भरल्या तर 720 माणसं, आणि त्यातली निम्मी आपलीच, सुट्टीला घरी येणारी किंवा फिरून परत येणारी. उरले आठवड्याला 360 टुरिस्ट. एका रूटवर एवढं मोठं विमान, क्रू, इंधन सगळं लावून हे 360, आणि मंत्री बोलतात असं की लाखो येणार.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. बाहेरच्या कंपनीने आठवड्याला किती सीट आणायच्या ते दोन सरकारांच्या करारात ठरतं. म्हणजे आपली कंपनी चालवणारं सरकार आणि दुसऱ्याला परवानगी देणारंही तेच, खेळणारा आणि अंपायर एकच! आपल्या कंपनीची विमानं रिकामी जायला नकोत म्हणून बाहेरच्यांच्या सीट अडवून धरायच्या आणि वर पुन्हा टुरिस्ट का येत नाहीत म्हणून जाहिराती करायच्या. एमिरेट्सचं उदाहरण सगळे देतात, 1985 मध्ये दुबई सरकारच्या 1 कोटी डॉलरवर सुरू झाली, सुरुवातीची विमानं पीआयएकडून भाड्याने (हो, पाकिस्तानचीच), पण दुबईने घरची कंपनी असूनही बाहेरच्यांना दार बंद केलं नाही हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे सरकारच्या 2012 च्या बचाव पॅकेजमध्ये एअर इंडियाला साधारण 30 हजार कोटी कबूल झाले, आणि जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे गेली, बोली 18 हजार कोटींची, त्यातले रोख 2,700 कोटीच, बाकी म्हणजे टाटांनी अंगावर घेतलेलं कंपनीचं कर्ज. आणि नोव्हेंबर 2014 मध्ये ई-व्हिसा आला तो या सगळ्याच्या मानाने फुकटातच म्हणायचा, पण दूतावासात खेटे घालायला नकोत ही टुरिस्टसाठी केवढी मोठी गोष्ट आहे.

पैसे घालायचेच असतील तर कंपनीत न घालता रूटमध्ये घालावेत असं मला वाटतं, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेसारखं, जी कंपनी कमीत कमी सबसिडी मागेल तिला ठराविक वर्षं रूट द्यायचा. उडानमधलेही कित्येक रूट सबसिडी संपल्यावर बंद पडले, पण रूट बंद पडला तर एकाच रूटचे पैसे जातात, अख्खी कंपनी गळ्यात पडत नाही.