वाचनालयाच्या फाइल्ससाठी मी लिब्रेऑफिस का निवडलं

आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचं चिटणीसपद माझ्याकडे आहे. नवा संगणक घेतला तेव्हा ऑफिसचा परवाना विकत घ्यायचा की फुकटातलं काही बघायचं, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. पैसे वाचणार होतेच, पण मला खरी काळजी फाइल्सच्या आयुष्याची होती.

आमची जुनी दाखल नोंद युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच वाचली जावीत यासाठीची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की पुस्तकांची नावं, लेखक, देणगीदार, सगळ्यांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. लोकांनी विश्वासानं दिलेल्या पुस्तकांच्या नोंदी अशा अडकून पडाव्यात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचाचा आग्रह धरला.

त्याच्या मूळ फाइल्स ओडीएफ प्रकारच्या असतात : मजकुराची ओडीटी, हिशेबाची ओडीएस. हा प्रकार २००६पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक आहे आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. ओडीएस फाइल ही मुळात झिप, म्हणजे अनेक फाइल्सचं एक गाठोडं असते. ती उलगडली की आतल्या एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मराठी शब्द साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतात. उद्या लिब्रेऑफिस राहिलं नाही, तरी नोंदी राहतील.

गूगल डॉक्स चौघांनी मिळून लिहायला उत्तम, पण आमच्याकडे नेट बेभरवशाचं. ओन्लीऑफिस या दुसऱ्या संचात वर्डच्या फाइल्स छान दिसतात, आणि ज्यांचं सगळं काम वर्डच्या (.docx) फाइल्समध्येच चालतं त्यांनी ते जरूर बघावं. बऱ्याच जणांनी ओपनऑफिस सुचवलं. लिब्रेऑफिस त्यातूनच २०१०मध्ये वेगळं झालं. २०११मध्ये ओरॅकल या तेव्हाच्या मालक कंपनीनं ओपनऑफिस अपाचे या संस्थेकडे सोपवलं, पण त्यानंतर तिथलं काम मंदावलं. आज नव्यानं घ्यायचं तर लिब्रेऑफिसच घ्या.

मराठीसाठी एक सेटिंग आधीच करून टाका. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी (देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी) मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इथे इंग्रजीपेक्षा वेगळा ठरतो. हे माहीत नसलं की आकार बदलूनही अक्षर तेवढंच राहतं आणि माणूस वैतागतो. आम्ही मुक्ता हा फॉन्ट ठेवलाय. तोही मोफत आहे आणि सभेच्या नोटिशीत सुबक दिसतो. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या भागात, सेलच्या फॉरमॅटची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ केली आणि स्वल्पविरामाचा पर्याय (थाउजंड्स सेपरेटर) निवडला की १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम आपोआप पडतात. जमाखर्च लिहिणाऱ्याला हे किती सोयीचं आहे!

बाहेरून आलेल्या वर्ड फाइलमध्ये कॅलिब्री फॉन्ट असेल आणि तो आपल्या संगणकावर नसेल, तर त्याच रुंदीचा कार्लिटो फॉन्ट वापरला जातो, त्यामुळे ओळी फारशा हलत नाहीत. एकात एक गुंतलेले तक्ते मात्र कधीकधी विस्कटतात. एक्सेलमधले मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) सगळे चालतीलच असं नाही. तुमचे लेखापरीक्षक मॅक्रोवाली फाइल भरून मागत असतील, तर ती आधी इथे चालवून बघा आणि मगच जुनं ऑफिस काढा.

आम्ही मूळ प्रत ओडीएफमध्ये ठेवतो. कुणाला एक्सेलची हवी असेल तर तेवढ्यापुरती काढून देतो आणि नोटिशी पीडीएफ करून पाठवतो. जुनी दाखल नोंद आता फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणतोय. रफार आणि जोडाक्षरं बऱ्याच ठिकाणी चुकतात, म्हणून प्रत्येक पान कागदी वहीशी ताडून बघावं लागतंय.