आबांचं मडकं आणि माझा फ्रिज

भात झोडून झालं की आबा महिनाभर आमच्याकडे कांजूरमार्गला येतात. वय ७८, संगमेश्वराकडचं गाव, पंधराएक वर्षांची शुगर. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, त्यामुळे माझं रेल्वेचं आरक्षण ते हसण्यावारी नेतात.

यंदा आल्या आल्या त्यांची इन्सुलिनची बाटली मी हौसेने फ्रिजमध्ये ठेवली, अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकवून. सकाळी आबांनी ती तळहातांत घोळवली, उकडीचा गोळा वळतात तशी. एरवी दुधाळ, एकजीव होते. आज तळाशी गुठळ्या. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरत नाहीत, बाटली टाकावी लागली. गावी वीज दोन-दोन दिवस जाते म्हणून उन्हाळ्यात ते चालू बाटली स्टीलच्या डबीत घालून मडक्यात ठेवतात. ते मडकं दुसऱ्या मोठ्या मडक्यात, मधे ओली रेती. (पावसात याचा उपयोग नाही, हवाच दमट.)

"अगो, मडक्यात कधी गोठलं नव्हतं हो," एवढंच म्हणाले.

आबा उपाशीपोटीची शुगर भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी. ते कॅलेंडर घडी घालून सोबत आणलं होतं. '११८, गडगा घातला.' (गडगा म्हणजे दगड रचून घातलेलं कुंपण.) '१२४, शेण काढलं.' '१९६, पूजेचा शिरा.' मुंबईत आल्यावर तिसऱ्या दिवसापासून: '१७२, बसून.' '१८१, बसून.' '१७७, बसून.'

मला लागलंच. नाचणीची भाकरी, मेथी, वेळेवर गोळ्या, सगळं करत होते की मी! पण अकराव्या मजल्यावरून खाली उतरून जायचं कुठे? रस्ता ओलांडायची त्यांना भीती वाटते. त्या 'बसून'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका बाबतीत मात्र मी हटले नाही. आंघोळीनंतर पाय पुसताना त्यांच्या टाचेत करवंदीचा काटा दिसला, काळा पडलेला. गावाहून घेऊन आले होते, म्हणजे आठवडा तरी झाला असणार. "दुखलं नाही?" "नाही गो." शुगरने पायाची जाणीव जाते, तेच. आणि हे गोठ्यात अनवाणी! दवाखान्यात काटा काढला, जखम वरवरची निघाली. येताना पट्ट्याच्या चपला आणि दाढीचा गोल आरसा घेतला. आरसा जमिनीवर ठेवायचा, वर तळवा धरायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायच्या.

"या वयात पायाचं तोंड बघायचं!" आबा कुरकुरले. पण रोज बघायला लागले.

ठरल्यापेक्षा नऊ दिवस आधी गेले. मी थांबा म्हटलं नाही.

परवा फोन आला. शुगर १२९, गडगा अर्धा झालाय. आणि आरसा शेजारच्या तात्यांनी नेलाय, त्यांनाही शुगर आहे, तर दुसरा पाठव. जरा मोठा बघ म्हणाले, यात टाच दिसली की बोटं दिसत नाहीत.