तिसरा खर्डा, प्रकरण १९: पक्या बाहेर आलाच कसा?

मी एक कादंबरी लिहितेय: सुध्या आणि पक्या हे लहानपणापासूनचे दोस्त सोनं चोरतात, त्यात रखवालदार मरतो, आणि पुढे दोघं पकडले जातात. मागच्या वेळी मोठ्या आनंदाने कळवलं होतं की तिचं प्रकरण १९ एकदाचं जमलं. ते प्रकरण गेलं. ४,२०० शब्द, सात आठवड्यांच्या पहाटा, आणि सगळं एका प्रश्नात गेलं.

त्यात नारायण पेठेतल्या अमृततुल्यातला प्रसंग होता. सुध्या जामिनावर सुटलाय, पक्या माफीचा साक्षीदार झालाय, म्हणजे माफीच्या बदल्यात सुध्याविरुद्ध साक्ष देणार आहे, आणि खटला उभा राहायच्या आदल्या संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात. स्टोव्हचा आवाज, बशीत ओतलेला चहा, कुणीच बोलत नाही. मला वाटत होतं, सगळी कादंबरी या टेबलाशी येऊन थांबते. शेजारचे वकीलकाका, ज्यांनी शिवाजीनगर कोर्टात आयुष्य काढलं, त्यांना मी ती पानं वाचायला दिली. त्यांनी शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “माफी मिळाली तेव्हा हा तुझा पक्या जामिनावर होता का गं?”

“नाही काका, येरवड्यात होता.”

“मग खटला संपायच्या आधी नारायण पेठेत चहा प्यायला आला कसा?”

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६. माफीच्या साक्षीदाराला आधीच जामीन मिळालेला नसेल, तर खटला संपेपर्यंत तो कोठडीतच राहतो. (माझी कथा २०१७ची, म्हणून जुना कायदा. १ जुलै २०२४पासूनच्या नव्या संहितेत हे कलम ३४३ आहे. ज्यांच्या गोष्टी आजच्या काळात घडतात त्यांनी आपापले कलमांचे आकडे एकदा तपासून घ्या.) म्हणजे ज्याने तोंड उघडलं तो आत आणि ज्याच्याविरुद्ध उघडलं तो पेठेत मोकळा. मी दोघांनाही मोकळं धरून चालले होते.

पुढचे दहा दिवस डागडुजीत गेले. पक्याला माफीआधीच जामीन देऊन पाहिला, तर प्रकरण १४ कोसळतं, कारण तुरुंगात एकटा पडल्यामुळेच तो फुटतो. हायकोर्टातून सोडवावा, तर दोन प्रकरणं अर्ज-सुनावणीत जातील आणि वाचक झोपेल. भेट माफीच्या आधी घ्यावी, तर भेटून बोलायचंच काय? अजून काही घडलेलंच नाही. भिंतीवर लावलेली प्रसंगांची कार्डं मी इतक्या वेळा हलवली की दोऱ्यांचा गुंता झाला. कार्डांवरून आठवलं, अप्पा बळवंत चौकात मिळणारी जाड, आखीव कार्डंच घ्या. पातळ कार्डं दोन पिना टोचल्या की फाटतात. आणि फोनला बोलून मराठी टाइप करणं मी कायमचं सोडलं. वर्णनाला ते चालतं, पण पेठेतल्या पोरांच्या तोंडचं बोलणं परस्पर शुद्ध होऊन येतं आणि पक्या एकदम मास्तरांसारखा बोलायला लागतो.

याच काळात एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. चोरीचं सोनं ३ किलो, आणि दोन्ही खर्ड्यांत मी ते दोन जड पिशव्यांतून वाहून नेलं होतं. सहज गणित मांडलं. २२ कॅरेटचं सोनं घन सेंटीमीटरला साधारण १७.७ ग्रॅम भरतं, म्हणजे आटवल्यावर ३ किलोची जागा जेमतेम १७० मिलिलिटर. एक कप चहा! ज्यासाठी रखवालदार मेला, ते सगळं एका कपात मावतं. पिशव्या काढून टाकल्या, आणि प्रकरण ९ पहिल्यांदा मला स्वतःला खरं वाटलं.

मग ती आटणी डोळ्यांनी बघायलाच हवी म्हणून ओळखीच्या एका सोनारांकडे रविवार पेठेत जाऊन बसले. मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, लाल झाली, त्यांनी चिमूटभर टाकणखार टाकला, आणि आधी काळपट धूर आला. जुन्या बोरमाळेचे मणी आत लाखेने भरलेले असतात, ती लाख जळत होती. मग खाली पिवळं पाणी थरथरायला लागलं. ओतून लगड झाली, वजनकाट्यावर ठेवली, आणि ते म्हणाले, “घट आली बघा.” लाख गेली, मळ गेला, तेवढं वजन कमी. मी विचारलं, किती कमी व्हायला हवं होतं? ते म्हणाले, “ताई, ते आटवणाऱ्यालाच ठाऊक.”

आणि हे लिहिता लिहिता आत्ता मला कळतंय की माझं प्रकरण १९ तिथे, त्या काट्यावर पडलं होतं.

आटवतो कोण? पक्या. सुध्या बाहेर पहाऱ्यावर. पक्या येऊन सांगतो, १४० ग्रॅम घट. सुध्या मान डोलावतो. लहानपणापासूनचा दोस्त, काटा कशाला बघायचा? खरी घट १२० ग्रॅमच. दोन तोळे पक्याच्या खिशात. ३ किलोची वाटणी ठरल्याप्रमाणे झाली, आणि मैत्री गेली दोन तोळ्यांत. मी इतके दिवस हाव लाखांच्या आकड्यांत शोधत होते. दोस्ताला फसवायला रक्कम लहान लागते, त्याने बघूच नये इतकी लहान.

आता कायदा पुन्हा बघा. माफीची अटच आहे की जे माहीत आहे ते संपूर्ण आणि खरं सांगायचं. महत्त्वाचं काही जाणूनबुजून लपवल्याचं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं, तर कलम ३०८ खाली त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावरच खटला चालू शकतो. पिंजऱ्यात उभ्या पक्यासमोर सुध्या बसलाय. सुध्याला वाटतं, पोलिसांच्या धाकाने दोस्त मोडला, आणि तेवढं त्याने मनातल्या मनात माफही केलंय. दोन तोळ्यांची गोष्ट जगात एकट्या पक्याला ठाऊक. लपवली तर मैत्रीचा उरलेला धागा शाबूत आणि गळ्याशी फास. सांगितली तर माफी पक्की आणि सुध्याचा चेहरा समोर.

आमच्या घरी पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खूनखटल्याचा विषय निघाला की १९७६-७७ची ती भीती, येरवड्यातली चौघा खुन्यांची फाशी, सगळं सांगितलं जायचं. माफीचा साक्षीदार झालेल्या त्यांच्या कॉलेजातल्याच पोराजवळ बोलणं आलं की आजी गप्प व्हायची. ती शांतता मला या प्रकरणात हवी आहे.

तेव्हा अमृततुल्य रद्द, भेट कोर्टात. प्रकरण ९ मध्ये घटेचा आकडा आधीच पेरून ठेवायचा, पण इतक्या सहज की सुध्यासारखंच वाचकानेही तो बघू नये. भिडे पूल पाण्याखाली असतानाचं प्रकरण ७ जसंच्या तसं राहील. उलटतपासणीतला प्रश्न सुचलाय: “आटणीत घट किती आली?” उत्तर अजून लिहिलेलं नाही. सोमवारी काकांबरोबर शिवाजीनगर कोर्टात जाणार आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून आरोपीच्या जागेपर्यंत किती पावलं होतात, ते मोजून येते.