'व' वरून नाव सुचवा म्हणे!

ताईच्या बाळासाठी 'व' अक्षर ठरलंय आणि आजचा अख्खा दिवस त्यातच गेला. मुलगा झाला तर विहान, असं भावोजींनी आधीच जाहीर केलंय. अर्थ सुंदर आहे, पहाट. पण हल्ली बागेत 'विहान' अशी हाक मारली तर निम्मी पोरं वळून बघतील. मला व्योम आवडतं. आकाश म्हणण्यापेक्षा भारदस्त, आणि छोटंसं.

खरी मजा मुलींच्या नावांत आली. इंटरनेटवरच्या याद्यांत अर्थ वाट्टेल ते ठोकून देतात. दर चौथ्या नावापुढे 'देवाची देणगी'! कुणीतरी हौसेने 'वारुणी' सुचवलं, वरुणाची कन्या म्हणून. शब्दकोश उघडला तर पुढचाच अर्थ मद्य. ताई म्हणाली, "अगं, शाळेत संस्कृतच्या बाई हजेरी घेताना हसतील!" वन्या म्हणजे रानातली, हे कळल्यावर आई नाराज झाली. मला तर तेच जास्त आवडलं.

वैदेही म्हणजे विदेहाच्या राजाची लेक, वृंदा म्हणजे तुळस, वसुधा म्हणजे धन धारण करणारी, अर्थात पृथ्वी. वसुधा आता आजीच्या पिढीचं वाटतं खरं, पण परत यायला हवं. माझं मत मात्र वल्लरीला. वल्लरी म्हणजे वेल. भावोजींचं म्हणणं, लोक 'वल्लारी' करतील. करू देत की!

'व' वरून काही सुचत असेल तर अर्थासकट लिहा. विहान सोडून.