भाव विचारलात, पण कशाचा?

परदेशात पर्यटकाला गंडवलं जातं तेव्हा बहुतेक वेळा सांगितलेला आकडा खोटा नसतो. तो आकडा किती ग्रॅमचा, किती माणसांचा, कुठल्या चलनातला, एवढंच सांगायचं मुद्दाम टाळलेलं असतं. म्हणून 'केवढ्याला?' एवढं विचारून थांबू नये.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते कार्डाच्या मशीनवर, आणि तेही कायद्याच्या चौकटीत. समजा बिल 200 युरोचं आहे. मशीन विचारतं: युरोत देता की तुमच्या देशाच्या चलनात? ओळखीच्या चलनातला आकडा बघून बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. पण तो दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा नसतो. तो दुकानदाराच्या बाजूची बँक किंवा कंपनी ठरवते, आणि वरच्या मिळकतीत पुष्कळदा दुकानदाराचाही वाटा असतो. 8 टक्के वाढीव दर लावला तर 200 युरोंवर 16 युरो जास्तीचे गेले, काहीही न घेता. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. युरोपियन युनियनमधल्या बँकांच्या कार्डांसाठी तिथे एप्रिल 2020 पासून ही वाढ युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा किती टक्के आहे, ते दाखवणं बंधनकारक आहे. तुमच्या कार्डालाही तो टक्का पडद्यावर बारीक अक्षरात दिसू शकतो. तो वाचा. आणि नेहमी स्थानिक चलनच निवडा.

अडचण येते ती वेटर मशीन स्वतःच्या हातात धरून तुमच्या वतीने बटण दाबतो तेव्हा. मशीन आपल्याकडे वळवून घ्यायला अजिबात संकोच करू नका. चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे. पावतीवर तुमच्या देशाचं चलन छापून आलं, तर तिथून हलायच्या आत तो व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगा. 'आता काही करता येत नाही' हे उत्तर सहसा खरं नसतं, त्याच वेळी व्यवहार रद्द करता येतो.

एटीएमवर हीच गोष्ट जास्त फसवी होते. 'कन्व्हर्जन स्वीकारा' हे बटण मोठं आणि हिरवं, 'नाकारा' कोपऱ्यात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत, या भीतीने लोक स्वीकारतात. नाकारल्यावर व्यवहार रद्द होत नाही. नोटा मिळतात, फक्त दर तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंचा) लागतो. एटीएम वापरण्याचं शुल्क मात्र वेगळं, ते टळत नाही. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी साधारण 220 बाट किंवा त्याहून जास्त कापले जातात, म्हणून तिथे थोडेथोडे पैसे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढलेले बरे.

नोटा बदलून घेताना फलकावरचा मोठ्ठा आकडा हा ते चलन तुम्हाला विकतानाचा आहे की तुमच्याकडून घेतानाचा, ते आधी बघा. कमिशन शून्य म्हणणारे सगळा नफा दरात लपवतात. पैसे पुढे करण्याआधी 'या रकमेचे माझ्या हातात नेमके किती पडतील?' असं विचारून आकडा लिहून घ्यावा. प्रागमध्ये पर्यटकांची इतकी लूट झाली की कायदाच बदलावा लागला: एप्रिल 2019 पासून 1000 युरोंपर्यंतची अदलाबदल तीन तासांच्या आत रद्द करता येते, पावती मात्र हवी. रस्त्यावर गाठून 'चांगला दर देतो' म्हणणाऱ्याकडून पावती मिळत नाही.

बालीतली हातचलाखी वेगळी आहे. दर बाजारापेक्षा चांगला, नोटा लहान किमतीच्या, ढीग मोठा. तुम्ही मोजता, बरोबर भरतात. मग नोटा बदलून देणारा 'एकदा खात्री करतो' म्हणून गठ्ठा परत घेतो आणि मोजता मोजता मधल्या काही नोटा काउंटरच्या आतल्या बाजूला सोडतो. इलाज एकच: शेवटचं मोजणं तुमचं. गठ्ठा पुन्हा त्याच्या हातात गेला, तर पहिल्यापासून परत मोजा. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 500,000 डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. टॅक्सीत, अंधारात, घाईत 25 पट पैसे दिले जातात. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

इटलीत ताज्या मासळीचा किंवा फ्लोरेन्सच्या जाड स्टेकचा भाव पुष्कळदा 'एत्तो'मागे, म्हणजे 100 ग्रॅममागे लिहिलेला असतो. मेनूत 6 दिसतात आणि सव्वा किलोच्या तुकड्याचे 75 युरो होतात. हा भाव खोटा नाही, पण शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा. ग्रीसमध्ये तर पावती दिली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही, असं मेनूवरच छापलेलं असतं.

टॅक्सीत बसण्यापूर्वी तीन प्रश्न: सगळ्यांचे मिळून की माणशी, कुठल्या चलनात, टोल धरून की सोडून. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर यंत्रातून चिठ्ठी मिळते, तिच्यावर टॅक्सीचा तपशील असतो. चालक ती मागतो. देऊ नका, तक्रारीला तीच लागते. मीटरच्या आकड्यावर विमानतळाचं ठरलेलं शुल्क आणि टोल द्यायचा असतो. 'राजवाडा आज बंद आहे, दुसरीकडे नेतो' असं सांगणारा माणूस बँकॉकमध्ये भेटला की सरळ तिकीटखिडकीपर्यंत चालत जा. त्याचा रस्ता रत्नांच्या दुकानात संपतो.

थायलंडच्या पट्टाया, फुकेतला जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) भाड्याने घेताना पासपोर्ट तारण ठेवणं हीच खरी चूक. परत आणल्यावर आधीचेच ओरखडे दाखवून भरपाई मागतात, आणि पासपोर्ट त्यांच्याकडे असल्यामुळे घासाघीस करायला जागाच उरत नाही. पाण्यात उतरण्याआधी चारही बाजू आणि शक्य तितका तळ, मालकाला चौकटीत घेऊन व्हिडिओत टिपा. वाद झाला तर 1155 हा थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर आहे.

कार्डावर जास्त पैसे कापले गेले असतील, किंवा न विचारता चलन बदललं असेल, तर बँकेकडे लेखी हरकत घेता येते. परवानगीशिवाय बदललेलं चलन हे हरकतीचं मान्य कारण आहे. मुदत अमर्याद नसते, त्यामुळे घरी पोचायची वाट न बघता कळवा. सोबत पावतीचा फोटो लागेल. तो त्याच दिवशी काढा, कारण पावतीच्या थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावरची अक्षरं काही आठवड्यांतही पुसट व्हायला लागू शकतात.